पट्ट्याच्या अलीकडची मावशी

माझी मावशी झोपेतसुद्धा ढवळते. डाव्या कुशीवर झोपलेली, उजवा हात पांघरुणाबाहेर, आणि मनगट गोल गोल फिरतंय. मध्येच थांबते, चव घेतल्यासारखे ओठ हलवते, आणि पुन्हा सुरू. कागदाच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म गेल्यावर दुसरं काय होणार? कॅन्टीन काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. पाटीवर नाव काकांचं, गल्ल्यावर बसणार काका, आणि धुरात मावशी.

एक दिवस ऐन दुपारी, कामगारांची रांग दारात उभी असताना, तिने झारा कढईत तसाच सोडला, हात पुसले आणि जाहीर केलं, "मी आता रांधणार नाही. कुणासाठीच नाही." कामगारांना वाटलं गॅस संपला. काकांनाही तसंच वाटलं, कारण त्यांनी नवं सिलेंडर मागवलं. तोवर मावशी पिशवी घेऊन माझ्या दारात उभी होती.

शहराबाहेर, टेकडीखाली, तिच्या वडिलांचं एक घर तिच्या वाट्याला आलेलं. मोठाल्या खोल्या, लांबलचक व्हरांडा आणि बाकी सगळ्याच्या नावाने बोंब. विजेची तार तिथवर पोचलीच नव्हती. पाणी विहिरीचं. संडासात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा. असं घर एरवी कुणी कुत्र्याला बांधायलाही वापरलं नसतं. पण मी पर्यटनाच्या धंद्यात केस पिकवलेली बाई. मी त्याला 'पर्यावरणस्नेही' म्हटलं आणि फोन थांबेनात. छपरावर सौर पाट्या बसवल्या, अंगणात उन्हावर शिजवायची पेटी ठेवली, आणि जाहिरात दिली: कुटुंबांसाठी आणि गटांसाठी निवांत सुट्टी, स्वयंपाकघर तुमचं, स्वयंपाकही तुमचाच.

ते शेवटचं वाक्य मावशीने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. अंगाई ऐकावी तसं ऐकत होती.

काकांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "हिला मी ओळखत नाही का? उपाशी माणूस समोर आला की हिचा हात आपोआप झाऱ्याकडे जातो. सुट्टी संपून शाळा सुरू होईपर्यंत हिने एकाही पाहुण्यासाठी रांधलं नाही, तर मी परत कॅन्टीनचं नाव काढणार नाही. रांधलं, तर घराला कुलूप आणि ही कामावर हजर."

"कबूल," मावशी म्हणाली. एवढंच. तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची पैज तिने एका शब्दात लावली. पंच म्हणून मलाच नेमण्यात आलं, कारण मी दोघांनाही सारखीच आगाऊ वाटते.

मावशीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढला. पट्ट्याच्या पलीकडे पाहुणे, अलीकडे तिची खुर्ची. पाहुणे आले की ती खुर्चीत बसायची आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायची. कुणी कांदा उभा चिरायच्या ऐवजी कसाही तासला की तिच्या मानेची शीर फुगायची. एका कुटुंबाने तर उन्हाच्या पेटीत अंडी ठेवली आणि पेटी सावलीत ओढली, अंड्यांना ऊन लागू नये म्हणून! मावशी उठून अंगणाच्या टोकाला गेली आणि झाडाला कपाळ टेकून उभी राहिली. पण पट्टा ओलांडला नाही.

तिच्या जीवाला आधार एकच होता, गांडुळांचा. मागच्या अंगणात खताची मोठी पेटी होती. पाहुण्यांनी टाकलेली सालं मावशी त्या पेटीपाशी बसून बारीक, एकसारखी चिरायची, वर ओलसर पाला पसरायची आणि झाकण लावायची. "ही कधी तोंड वेंगाडत नाहीत," ती मला सांगायची. "आणि मीठ कमी आहे म्हणून ओरडत नाहीत."

असं सगळं सुरळीत चाललं असताना 'तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब' म्हणून एक बुकिंग आलं. मी खोल्या झाडून ठेवल्या. आणि गाडीतून उतरलं कोण? कॅन्टीनचं अख्खं बिऱ्हाड! भाजी चिरणारा पहिलवान, भांडीवाला, चहावाला, झाडून सगळे. पहिलवानाच्या डोक्याला टोपी होती आणि तो नातू होता. भांडीवाला आजोबा. सगळ्यात शेवटी उतरले काका. वेषांतर म्हणून त्यांनी मिशी काढली होती, आणि त्या ठिकाणी ओठ असा काही पांढराफटक दिसत होता, की पहिलवानसुद्धा तिकडे बघायचं टाळत होता.

मावशीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"या पाहुणे," ती म्हणाली. "घरात बायकामाणूस नाही वाटतं कुणी?"

"आमची मंडळी... रुसून गेलीय," काका जाड आवाज काढून म्हणाले.

"का बरं?"

"काही कळायला मार्ग नाही हो, बाई."

"असं असं. भुशाची बादली संडासात आहे. घमेलंभर टाकू नका, मूठभर पुरतो."

काकांचं डोकं मात्र सुपीक. सामान ठेवायच्या आधी ते घराभोवती चक्कर मारून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंच, पैज संपली. मागच्या पेटीत हिने चिरलेली सालं बघितली मी. एकसारखी! हा स्वयंपाक नाही तर काय?"

"काका, ती गांडुळांसाठी."

"मग? गांडुळं इथे राहतात, इथेच जेवतात. पाहुणेच की!"

यावर व्हरांड्यात रीतसर सुनावणी झाली. काकांचं म्हणणं, जो पोट भरायला येतो तो पाहुणा. मावशीचं म्हणणं, जो कधी जातच नाही तो पाहुणा कसा? पहिलवान मध्येच म्हणाला की त्याच्या बहिणीचा नवरा तसाच आहे. भांडीवाल्याने विचारलं, गांडुळांना तोंड असतं का. मी डोकं धरलं आणि निकाल दिला: शिजवलेलं नाही, म्हणून रांधलेलं नाही. गांडुळं घरची. काका फुरंगटले, पण त्यांचा खरा डाव पुढेच होता.

डाव असा, की सगळ्यांनी मिळून इतका भयंकर स्वयंपाक करायचा, की मावशीला बघवू नये. त्यासाठी फार कष्ट पडलेच नाहीत. कॅन्टीनमध्ये प्रत्येकाला एकेकच काम येत होतं. पहिलवान चिरायचा, चहावाला उकळायचा, भांडीवाला धुवायचा, आणि या सगळ्याचं जेवण करायचं काम तेवढं मावशीचं. आता चहावाल्याने बटाटे चहासारखे उकळले. पहिलवानाने कढई तापवून तिच्यात कांदा सोडला आणि पुढे काय, म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसला. काकांनी मीठ टाकलं, विसरले, पुन्हा टाकलं.

कांदा तांबूस झाला. लालसर झाला. मग करपायच्या आधीचा तो वास सुटला. मावशी खुर्चीतून उठली. हात मांड्यांखालून सुटले होते आणि उजवं मनगट हवेत गोल गोल फिरत होतं. ती उंबऱ्यापाशी आली. एक पाय उचलला, पट्ट्याच्या वर आणला. काका श्वास रोखून त्या पायाकडे बघत होते. मीही. खरं सांगते, पंचाचं सगळं भान सोडून मी मनात ओरडत होते, मावशी, नको गं!

मावशीने दाराची चौकट घट्ट धरली. मग तिने पाय हळूच मागे घेतला.

"पाहुणे," तिचा आवाज फाटला होता, "भिंतीवरचा नियम वाचलात का?"

नियम मीच रंगवून घेतला होता. या घरात कचऱ्याची टोपली नाही. सालं गांडुळांना. तेलामिठाचं गांडुळांना चालत नाही, मरतात बिचारी. तेव्हा जे शिजवाल ते खाऊन संपवाल.

बिऱ्हाडाच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत कॅन्टीनमधला प्रत्येक बिघाड मावशीने परस्पर सावरला होता किंवा टोपलीत गेला होता. आपण केलेलं आपणच खायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. ते टेबलाभोवती बसले आणि तो काळा कांदा, ते खारट बटाटे घास घास करून गिळू लागले. पहिलवानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 'आजोबा' झालेल्या भांडीवाल्याने 'मुलाला', म्हणजे काकांना, सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. काकांनी निमूटपणे पुन्हा वाढून घेतलं, कारण कढई अजून निम्मी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी डाव वगैरे सगळे विसरले. पोटाचाच प्रश्न होता. पहिलवान कांद्यावरून नजर हलवेना. चहावाला बटाट्यात सुरी खुपसून बघू लागला. मिठाच्या बरणीवर भांडीवाल्याचा पहारा बसला. काकांनी स्वतः झारा हातात घेतला. ढवळता ढवळता त्यांचा हात भरून आला, त्यांनी तो खाली सोडला, झटकला, आणि दाराकडे बघितलं. मावशी खुर्चीत बसून त्यांच्याचकडे बघत होती. मग काका दुसऱ्या हाताने ढवळू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बटाटे मऊ होते, भात मोकळा होता, आणि कांद्याला नेमका हवा तो रंग आला होता. सगळे टेबलाशी बसले. काकांनी पहिलं ताट वाढलं, ते घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि पट्ट्याच्या पलीकडे थांबले.

"घे," ते म्हणाले. जाड आवाज काढायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मावशी गडबडून उठली. "अहो, आधी तुमचं सगळ्यांचं होऊ दे. मी मागून बसते."

"दर वेळी मागून बसायचीस, निवलेलं खायचीस," काका म्हणाले. "आणि मी कधी वर मान करून बघितलंही नाही. चुकलं माझं. बस आता."

त्यांनी ताट तिच्या हातात दिलं. मावशी खुर्चीत बसली आणि तिने पहिला घास तोंडात घातला. तिचा हात तसाच थांबला. डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं, पुन्हा मीठ.

"काय झालं? बिघडलंय का?" काका कासावीस झाले.

मावशीने नाही म्हणून मान हलवली. "गरम आहे," ती म्हणाली.

काका घाईघाईने पट्टा ओलांडून तिच्यापुढे उकिडवे बसले आणि ताटावर फुंकर घालू लागले.

मावशीने ताट छातीशी ओढून घेतलं. "फुंकू नका हो," ती म्हणाली. "असू दे. गरमच असू दे."