श्रीखंडाचे रिकामे डबे

केबिन रोडच्या मागे एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही दर शनिवारी जमायचो. सगळेच घरात सामान साठवणारे, काही म्हणजे काही टाकता न येणारे. प्रत्येकाने घरून एक पिशवी आणायची, त्यातली एकेक वस्तू सगळ्यांसमोर हातात घ्यायची आणि ठेवायची की सोडायची ते स्वतः ठरवायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्या एका नियमामुळे मी तिथे टिकले. माझ्या मुलीने मला न विचारता घरातलं सामान भंगारवाल्याला दिलं होतं, तेव्हा मी तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

एका शनिवारी मी श्रीखंडाचे रिकामे डबे कोपऱ्यातल्या टोपलीत सोडले. निघताना बघते तर गटातलेच एक काका ते डबे गुपचूप आपल्या पिशवीत भरतायत. मी भडकले.

"काळजावर दगड ठेवून टाकले मी, आणि तुम्ही घरी नेताय?"

काका ओशाळले. "झाकणं अजून घट्ट बसतात हो," म्हणाले.

मलाही टाकताना नेमकं तेच वाटलं होतं. मला हसू फुटलं, मग सगळेच हसले, गट चालवणाऱ्या समुपदेशक बाईसुद्धा.

पुढच्या शनिवारी काकांनी ते डबे परत आणले आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने टोपलीत टाकले. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांचं बघून मी घरी जाऊन सामानाखाली गाडला गेलेला, कुणालाच बसता न येणारा दिवाण मोकळा करायला घेतला.

परवा मुलगी आली. सवयीने दारातच उभी राहिली.

"बस की," मी मोकळ्या दिवाणाकडे हात करत म्हटलं.