सुरक्षित विहीर

आमच्या साहेबांनी सबंध नोकरी एका शब्दावर काढली: सुरक्षित. आमच्या भूजल खात्यात, जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा कमी असला की त्या भागाला 'सुरक्षित' म्हणत. ते पाणी पिण्याजोगं आहे का, याच्याशी त्या शब्दाचा काडीचा संबंध नव्हता. ऐंशीच्या दशकात ते जिल्ह्याचे भूवैज्ञानिक होते आणि मी त्यांच्या हाताखाली.

माझं माहेर कामतघरचं. घरामागे कापड रंगवायचा कारखाना आला आणि आमच्या विहिरीचं पाणी आधी पिवळट, मग चक्क गुलाबी दिसायला लागलं. नळाचा भरवसा नव्हता, म्हणून आई तेच गाळून प्यायची. तिने ते बंद करावं, एवढंच मला हवं होतं. शेवटी मागे लागून मी साहेबांना विहिरीवर नेलं. स्वारी जीपमधून उतरली, विहिरीत टेप सोडून पातळी पाहिली आणि आईला म्हणाली, "आजी, काळजी नको. सुरक्षित आहे."

"साहेब, रंग बघा ना."

"बाई, पाणी किती, ते आपण बघायचं. कसं, ते दुसरं खातं बघेल."

एवढं बोलून त्यांनी आईने पुढे केलेला पेला बाजूला सारला आणि नाक्यावरून थंडा मागवला. असा संताप आला मला!

त्या दिवशी आईच्या लेखी माझं शिक्षण पाण्यात गेलं. "पिऊ नकोस" म्हटलं की ती म्हणे, "तुझा मोठा साहेब बोलून गेला ना सुरक्षित हाय? तू काय त्याच्या वरची हायस?" तिच्या शब्दावर शेजारणीही हंडे भरून न्यायच्या.

साहेब मात्र चढत गेले. नव्वदच्या दशकात खात्याचे प्रमुख झाले. सत्काराला हारतुरे, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. भाषणात एकजण म्हणाला, साहेबांच्या अखत्यारीतला एकही तालुका कधी धोक्यात गेला नाही. जाईल कसा? मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

तिथून मी तडक माहेरी गेले. आई पोट धरून अंथरुणात पडलेली, उशाशी त्याच विहिरीचा तांब्या. मी मागच्या अंगणात गेले, दोर कापला, कप्पी उतरवली. आवाज ऐकून ती भिंतीच्या आधाराने दारात आली.

"भरल्या विहिरीची कप्पी काढतेस?" ती म्हणाली. "साहेबाला ईचारलंस का?"