फरासखान्यातलं ऊन

चुलतभावाचा, सुधीरचा फोन आला तेव्हा मी इंदूरला एका साइटवर होतो. "भिया, बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत," एवढंच तो बोलला. शरदकाकांनी ऐंशी ओलांडली होती, कुणाला सेवा करायला लावली नाही. देवासला पोचेपर्यंत मी रडलो वगैरे नाही. दारात चपला काढून आत शिरलो आणि नेहमीसारखं काही क्षण काहीच दिसेना. त्या घरात भर दुपारी दिवा लागायचा.

ते घर म्हणजे थोरल्या पातीचा फरासखाना. देवासात एकेकाळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांचं सगळं वेगळं. थोरल्या दरबाराचे तंबू, गालिचे, सतरंज्या या इमारतीत राहत. आमचे पणजोबा तिथले फरास. अंथरायचं, झटकायचं, गुंडाळून ठेवायचं हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं, गालिचे कुठे कुठे गेले आणि इमारत आमच्या घराण्याकडे राहिली. भिंती हातभर रुंद, छताशी हवेपुरते झरोके, खिडकी एकही नाही. उन्हानं गालिचे विटतात, म्हणून बांधणाऱ्यानं ठेवलीच नव्हती.

काका नोकरीला कारखान्यात फिटर होते, पण घरात शिरले की फरास. कमलकाकूंचं माहेर धाकट्या पातीतलं, भरपूर उजेडाचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं एकच मागणं... बसायच्या खोलीला एक खिडकी. पुढे डोळे अधू झाल्यावर त्या तांदूळसुद्धा दारात बसून निवडायच्या. मी बांधकामातला, म्हणून मला मध्ये घातलं. मी भिंत ठोकून पाहिली आणि म्हटलं, काका, आरामात निघेल. "निघेल रे," काका म्हणाले, "पण ऊन कुठं पडेल ते बघितलंस? सीधा सतरंजीवर." दरबारी मालातली ती एकच सतरंजी उरलेली, निळ्या-लाल पट्ट्यांची. दुपारी ते तिच्यावरच आडवे होत. "आमच्या पातीच्या फरासखान्याला खिडक्या होत्या," काकू म्हणाल्या. "म्हणून तर तुमचे गालिचे फीके पडले," काका म्हणाले. दोघंही हसले आणि खिडकी राहिली ती राहिलीच. मला काकांचा राग येई, आजही येतो. एका सतरंजीपायी बाईनं सगळा संसार अंधारात करावा... पण बोलायची सोय नव्हती. काकूच विषय चहावर नेत.

तेरावं झालं आणि काकूंनी मला फोन केला. "मिस्त्री घेऊन ये रे. आता कोण मना करणार?" भिंत माझ्या अंदाजापेक्षा चिवट निघाली, मिस्त्री वैतागला, पण चौकट बसली. त्या खोलीत जाळी-जळमटं किती होती ते तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं.

गेल्या रविवारी मी मुद्दाम गेलो. काकू खिडकीपाशी ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या, खूश होत्या, बाहेर कोण येतं-जातं ते मला सांगत होत्या. सतरंजी काकांच्या जागी तशीच अंथरलेली होती. बोलता बोलता उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत तिच्या काठापाशी आला. काकूंनी ताट खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दोन्ही हातांनी सतरंजी भिंतीकडे ओढून घेतली. काका गेल्याचं मला तिथं, त्या उजेडात, खरं वाटलं.

"फीकी पडते," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.