रीडिंग वीकमधली शांतता

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागतं. स्वतः पेपर न देता परीक्षेत इतका जीव ओतणारा बाप दिल्लीच्या साऱ्या मयूर विहारमध्ये दुसरा सापडणार नाही. मुलीची प्रिपरेशन लीव्ह लागली की ते दाराची बेल बंद करत, वरण कुकरऐवजी पातेल्यात शिजे आणि भाजीवाल्याला गेटवरच तंबी मिळे, "भैया, धीरे. बच्ची का पेपर है." तो बिचारा कानात गुपित सांगितल्यासारखा "भिंडी, भिंडी" पुटपुटत फिरे आणि सगळी सोसायटी भाजीवाचून राही.

मुलगी पुढे इंग्लंडला शिकायला गेली. पहिल्याच सत्रात, नोव्हेंबरमध्ये, तिचा फोन आला, "बाबा, पुढच्या आठवड्यात रीडिंग वीक आहे, लेक्चर्स नाहीत. घरी येऊ?" मुलाकडे लंडनला राहून आल्यामुळे मी सोसायटीत विलायतेचा जाणकार समजला जाई. ते धावत वर आले. मला काही ठाऊक नव्हतं, पण मी ऐटीत म्हणालो, "रीडिंग वीक म्हणजे आपली प्रिपरेशन लीव्हच. परीक्षा तोंडावर असणार."

त्यांनी तिला तिथेच थांबवलं. इकडे तिथल्या घड्याळाप्रमाणे रोज दुपारपासून घर चिडीचूप.

"अहो, कुकरची शिट्टी इंग्लंडपर्यंत जाते का?" वहिनींनी विचारलं.

"प्रश्न शिट्टीचा नाही, वातावरणाचा आहे."

खरं तर तो आठवडा लागण्याआधीच माझा मुलगा फोनवर हसला होता, "बाबा, परीक्षा जानेवारीत असते. रीडिंग वीकमध्ये निम्मी मुलं घरी पळतात." एक जिना उतरून एवढं सांगायचं होतं. जाणकारपण सोडवेना, मी उतरलो नाही. रिकाम्या होस्टेलमध्ये आठवडाभर एकटीच मॅगी खात बसले, हे तिनेच पुढे मला हसत सांगितलं.

ती उत्तम पास झाली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच संसार थाटला. यशाचं श्रेय ते अजून त्या आठवड्याला देतात आणि परदेशी निघालेल्या प्रत्येक पोराला सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवतात.

परवा आम्ही दोघे उन्हात बाकावर संत्री सोलत बसलो होतो. ते म्हणाले, "त्या वेळी ती आली असती ना, तर मी तिला परत जाऊच दिलं नसतं. बिल्कुल नाही. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून."

आणि संत्र्याची एक फोड त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

तिला येऊ द्यायला हवं होतं, चूक माझी, माफ करा, एवढी वाक्यं मी मनात जुळवली. तोंडात फोड होती, म्हणून जरा थांबलो. ती संपली. त्यांनी दुसरी पुढे केली, आणि मी ती घेतली.