आतोबांनी रंगवलेला हात

भिंतीवर लिहिलेलं एखादं वाक्य खरं आहे की खोटं, याची चौकशी तुम्ही आयुष्यात एकदा तरी केलीत का? आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, दुसरं काहीच करत नाहीत. चाकणपासून चिंचवडपर्यंतच्या कारखान्यांच्या भिंतींवर घोषवाक्यं रंगवणं हा त्यांचा धंदा आणि त्याच वाक्यांवर संशय घेणं हा त्यांचा धर्म. आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारासमोर ते "कुणी उघडलं?" असं विचारतात आणि उत्तर आल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत, बँकेत जायचं तर आत्या आत आणि आतोबा पायरीवर. एकदा 'प्रत्येक कामगार आमच्या कुटुंबाचा' असं रंगवायचं होतं. आतोबा साहेबांना म्हणाले, "कुटुंबातल्या पाच जनांची नावं सांगा, मंग रंग कालवतो." साहेबांना तीन आठवली, त्यातला एक त्यांचाच ड्रायव्हर. आतोबांनी भिंतीवर 'तीन कामगार आमच्या कुटुंबाचे' असं सुबक अक्षरात लिहिलं आणि वर सांगितलं, "आनखी आठवली तर आकडा बदलून दीन." मी युनियनची पत्रकं वाचत, वाटत आणि पुढे लिहीत वाढलो, पण त्यांनी मलाही सोडलं नाही. "मोर्चाला हजारो कामगार लोटले, आसं लिवलंस व्हय रं? मी व्हतो तिथं. चाळीस व्हते, त्यात दोघं वडापाववाले."

अशा माणसाला गेल्या वर्षी चाकणच्या एका कारखान्याने भलीमोठी भिंत दिली. विषय, 'एआय आणि मानवी मूल्ये'. पाहुणे येणार होते. हसरा रोबो आणि हसरा कामगार हात मिळवताहेत, असा नमुनाही तिथल्या साहेबांनी एआयकडूनच काढून आणला होता. आतोबांनी त्यातल्या कामगाराची बोटं मोजली. सहा निघाली. "साहेब, प्रेस शॉपात बोटं कमी व्हत्यात, वाढत न्हाईत," म्हणाले आणि नेमकं कुठलं मूल्य रंगवायचं, याची चौकशी करायला थेट त्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागात, शिरले.

तिथे त्यांना शालनताईंची गोष्ट कळली. मराठवाड्यातून आलेल्या, चऱ्होलीत भाड्याने राहणाऱ्या, कंत्राटावरच्या. शिफ्ट सुरू करण्याआधी बंद प्रेसला हात लावून तो कपाळाला लावायच्या. आपल्याकडे निम्मे लोक लावतात. पण सुरक्षेसाठी आणलेला नवा एआय कॅमेरा आधी त्यांच्याच प्रेसवर बसला होता आणि त्याला कपाळ कळत नव्हतं, हातच तेवढा कळत होता. धोक्याच्या जागी हात, म्हणून त्याने पडद्यावर हाताभोवती लाल चौकोन काढला. तीन दिवसांत तीन चौकोन, आणि शालनताईंचा गेटपास बंद.

आतोबांनी चार दिवस पडद्याआड रंगवलं. पडदा सरला तेव्हा भिंतभर एकच हात होता. नखांत ग्रीस, प्रेसवर अलगद टेकलेला, भोवती लाल चौकोन. खाली प्रश्न, 'हा हात काय करतोय?' पाहुणे खूश. "किती खोल विचार आहे!" म्हणत प्रत्येकाने त्या हाताशेजारी फोटो काढून घेतला.

साहेब म्हणाले, "काका, एकदम भारी!"

"भारी ऱ्हाऊ द्या. हा शालनबाईंचा हात हाय. नमस्कार करत व्हत्या त्या. त्यांना आत घेता का?"

"काका, तो सिस्टीमचा निर्णय आहे."

"मंग सिस्टीमला बोलवा. मी हितंच थांबतो."

थांबले. चहा झाला, पाहुणे गेले, सेकंड शिफ्ट आत गेली. कुणीही आलं नाही.

चित्र अजून आहे. कंपनी ते मोठ्या कौतुकाने दाखवते, आणि मला सगळ्यात जास्त संशय त्या कौतुकाचाच येतो. जो प्रश्न भिंतीवर शोभतो तो ऑफिसात नकोसा का होतो? शालनताई सध्या एका पोळीभाजी केंद्रात राबतात. आतोबा दर सोमवारी गेटवर जाऊन विचारतात, "घेतलं का त्यांना?" पूर्वी तावातावाने विचारायचे. हल्ली आवाज इतका खाली आलाय, की वॉचमनला पुढे वाकून ऐकावं लागतं.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या शॉपमधल्या कॅमेऱ्याने उद्या कुणाभोवती असा चौकोन काढला, तर गेटपास बंद करायच्या कागदावर सही करण्याआधी त्या माणसाला समोर बसवा आणि स्वतःच्या तोंडाने विचारा, "हात का लावला होता?" शालनताईंना कंपनीतल्या एकानेही हे विचारलं नाही. तुम्ही विचारा.