कपडे धुवायची कोनशिला

आमच्या गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, कपडे धुवायला जो दगड आहे, त्याच्या जोडीचा दुसरा दगड अख्ख्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मी पाहिलेला नाही. गुलाबी, आणि आला तेव्हा एका बाजूने आरशासारखा घासलेला. मुळात ती नळयोजनेची कोनशिला.

उद्घाटनाला मंडप होता, बँड होता. साहेबांनी तोटी फिरवली, पाणी आले, टाळ्या झाल्या. पाणी पुढे वीस-बावीस दिवस येत राहिले. मग मोटार जळाली आणि ती दुरुस्त व्हायच्या आत सत्ता बदलली. नव्या साहेबांनी मोटार तशीच ठेवून कोनशिला तेवढी बदलली. नवी काळी होती आणि आधीच्यापेक्षा मोठी होती. जुनी गुलाबी शाळेच्या भिंतीमागे पडून राहिली. तिच्यावर शेळ्या बसत.

नळ कोरडे म्हणून बाया पुन्हा बोडीवर जाऊ लागल्या. त्याच पावसाळ्यात आई बोडीच्या चिखलात घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. ते बसले, पण वाकडेच. हात चालू लागल्यावर तिने गल्लीतल्या चार बाया जमवल्या, कोनशिला बैलबंडीत घातली आणि बोडीच्या काठावर आणून टाकली. अक्षरांची बाजू वर ठेवली. मला वाटले, हा निषेध आहे. तसे विचारले, तर म्हणाली, "खाचा आहेत न. कपडा चांगला घासते."

मी गोंदियाला कॉलेजात विज्ञान शिकवतो. या धंद्यातल्या माणसाला दगड पाहून गप्प बसवत नाही. एका सुट्टीत बोडीवर उभा राहून मी आईला सांगितले, की हा गुलाबी रंग ज्या खनिजाचा आहे, त्यात पालाश असते. कृषी केंद्रातल्या पोटॅशच्या लाल बोरीत असते तेच. ती भांडी घासते त्या धानाच्या कोंड्याच्या राखेतही तेच. फरक एवढाच, की दगडात ते कोंडलेले असते. ऊनपावसाने दगड कुजतो, पालाश पिकाला मिळते आणि उरते ती माती.

"म्हणजे मी ज्या चिखलात पडली, तो बी कवा असाच गोटा होता?"

असेल, म्हटले.

"मंग ह्यातला पोटॅश धानाले कवा भेटन?"

"हजारो वर्षं लागतील."

"तवापावत बोरीतलाच आण," असे म्हणून तिने लुगडे पिळले.

यंदा धान कापून झाल्यावर मी चार दिवस घरी होतो. पहिले साहेब पुन्हा सत्तेत आले होते. मोटार नवी बसली होती, योजनेचे उद्घाटन पुन्हा व्हायचे होते आणि साहेबांना आपली गुलाबी कोनशिला आठवली होती. ती मूळ जागी बसवून तिच्याशेजारी त्यांचा फोटो निघायचा होता. सरपंच, जो आमच्या दूरच्या नात्यातला आहे, पांढऱ्या कपड्यातले दोन कार्यकर्ते घेऊन बोडीवर आला. आई धूत होती, मी बादली धरून होतो. त्याने आधी गावाच्या इज्जतीबद्दल बरेच सांगितले. मग मुद्द्यावर आला.

"मामी, त्याच्यावर सायबाचं नाव हाये. तुमी त्याच्यावर लुगडे धुऊन राहिल्या."

"नाव हाये म्हणूनच त मळ निघते," आई म्हणाली.

त्या दोघांतल्या गोंदियाच्या कार्यकर्त्याने हिंदीतून समजावले, की माताजी, ही सरकारी संपत्ती आहे. आईने विचारले, की शेळ्या बसत होत्या तेव्हा कोणाची होती? मग तिने अटही सांगितली. "एक पुरा उन्हाळा नळाले पाणी येऊ द्या. मी सोता बंडीत घालून आणून देईन."

आता ते माझ्याकडे वळले. मी शिकलेला, सरकारी पगाराचा. मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. "देऊन टाक न आई. मी सिमेंटचा ओटा बांधून देतो."

"कवा?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत."

"सायब बी असाच बोलत होता," ती म्हणाली.

शेजारच्या दगडावरची बाई पदरात तोंड घालून हसली. पुढाऱ्यांच्या भाषणांची टिंगल करण्यात मी स्टाफरूममध्ये उभी हयात घालवली आहे. आईने एका वाक्यात मला त्याच मंडपात नेऊन बसवले. परवा सकाळी ट्रॅक्टर येईल, असे सांगून सरपंच गेला.

संध्याकाळी जेवताना ती वाकडे मनगट चोळत म्हणाली, "एक हात चिखलाले देऊन झाला. आता दुसरा बी देऊ?"

दुसऱ्या दिवशी पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून देणारा, म्हातारा हाळी देत गावात आला. घरोघरी मिक्सर झाल्यापासून त्याला कोणी फारसे थांबवत नाही. आईने थांबवले आणि सरळ बोडीवर नेले. अक्षरे पाहून तो छिन्नी हातात धरून तसाच बसला.

"बाई, ह्याच्यावर लिवलं हाये."

"झिजलं ते. कपडा घसरते. साऱ्याले टाकी लावून दे."

ते खरेही होते. खाचांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दगड हलू नये म्हणून समोरच्या कोपऱ्यावर बसलो.

दुपारपर्यंत काम चालले. पाट्याला देतात तसे ठोके, ओळीने. नाव लवकर गेले. नावाआधीच्या आदरार्थी शब्दांना मात्र बराच वेळ लागला. ते होतेही जास्त.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला तेव्हा आई धूतच होती. सरपंचाने दगडावरून हात फिरवला आणि विचारले, "हे काय केलं, मामी?"

"टाकी लावली."

सोबतच्या कार्यकर्त्याने मोबाइलने फोटो काढला. तो कोणाला दाखवायचा याचा बहुधा विचार केला आणि मोबाइल खिशात ठेवला. ट्रॅक्टर रिकामा गेला. उद्घाटन फ्लेक्सवर भागले. नळाला पाणीही आले. आईने दोन बादल्या भरून घेतल्या आणि धुणे घेऊन बोडीवर निघाली.

जाताना तिच्या काखेत घमेले होते. टाकी लावताना उडालेला गुलाबी चुरा तिने बोडीच्या काठी गोळा करून ठेवला होता. परत आली तेव्हा घमेले भरलेले होते. परसात जाऊन तिने तो चुरा वांग्यांच्या बुडाशी पसरला. मी म्हटले, आई, हजारो वर्षं लागतात, सांगितलं होतं.

"लागू दे न," ती म्हणाली. "मी कुठं जाऊन राहिली?"