शेवटचा शब्द आमचा

आमच्या गायनपार्टीत ना पेटी होती, ना ढोलकी. लोकांना ती गरिबी वाटायची. आमची ती पद्धत होती. दुष्काळात चाकूरजवळच्या खडी केंद्रावर आम्ही पाच जण खडी फोडायचो. हात हातोड्यात गुंतलेले, म्हणून वाजवायचं तेही तोंडानंच. एक जण गालात ढोलकी घुमवायचा. माझा चुलतभाऊ, ज्याला सगळेच दादा म्हणत, तो पुढं गायचा. आम्ही तिघं झील धरायचो, म्हणजे मागून साथ द्यायचो. धुरळ्यानं दादाचा दम तुटायचा. मग ओळीचा शेवटचा शब्द तो सोडून द्यायचा आणि आम्ही उचलायचो. पुढं पाऊस झाला, धुरळा बसला, रीत मात्र राहिली. जयंतीला, लग्नात, पार बिलोलीपर्यंत आम्ही असंच गायलो. मधल्या काळात मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. तरी झील सोडली नाही. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

लातूर जिल्हा झाला त्या साली तिथल्या एका मोठ्या पार्टीचा मालक आमच्या गावात आला. दादाला म्हणाला, "गळा तेवढा द्या. झीलकरी आमच्याकडं लई हायत."

"बैल नेता आन् गाडी हितंच ठिवता व्हय?" आमचा ढोलकीवाला म्हणाला.

मालक हसला. दादा हसला नाही. त्याला पोरंबाळं होती, आणि तिथं बारमाही काम होतं. तो गेला. त्याच्याशिवाय आमची पार्टी संपलीच म्हणायची.

नव्या जिल्ह्याच्या आनंदात लातूरला कार्यक्रम ठेवला होता. आम्ही चौघं जाऊन मागं उभे राहिलो. स्टेजवर पेटी, ढोलकी, एकसारखे सदरे घातलेले झीलकरी. दादानं पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं शेवटचा शब्द सोडला. झीलकरी गप्प. त्यांना वाटलं, हा विसरला.

"इसरलं रं!" कुणीतरी ओरडलं. लोक खिदळले.

दादानं ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच सोडली.

ढोलकीवाल्यानं मला कोपर मारलं. "घे की!"

"आपल्याला कुणी बोलावलंय?"

"बी.ए. झाला म्हणून निमंत्रण पायजे व्हय तुला?"

मी शब्द उचलला. बाकीच्या दोघांनी माझ्या आवाजात आवाज मिसळला. माणसं वळून बघायला लागली. दादानं मान वर केली आणि सगळं गाणं आमच्याकडं बघत म्हटलं.

दादा स्टेजवरून खाली उतरल्यावर मालक त्याला म्हणाला, "उद्यापासून वळ पुरी म्हणायची. शेवटचा शब्द बी तुमीच."

दादानं तिथंच म्हणून पाहिलं. शेवटचा शब्द गाण्यातला वाटेना, नुसता बोलल्यासारखा निघाला. पुन्हा म्हटला, तसाच. त्यानं पार्टीचा सदरा काढला, घडी घालून मालकाच्या हातात दिला आणि आमच्याबरोबर चाकूरच्या एसटीत चढला.

गाडी लातूरच्या बाहेर पडली. मग दादाच म्हणाला, "दुसऱ्या कडव्याला उशीर केला तुमी."

"लई मागं हुतो, दादा," मी म्हणालो.